फिरून बसलेला वर्ग

"येवढी घाई कशाची आसती म्हन्ते मी ह्याला? शेवटी यायला काय हुतंय? आपल्यात कसं गप शेवटाला येऊन बसतंय."

शिवकांता हे परातीतल्या पिठाला सांगत होती. ओटा अरुंद, दोघींचे कोपर एकमेकींना लागत होते, त्यामुळे तिचं पुटपुटणं थेट माझ्या कानात पडत होतं. तक्रार इंग्रजी क्रियापदाची होती. मराठीत 'जेबा आंबा खाते', खाणं शेवटी. इंग्रजीत जेबा आधी खाऊन मोकळी होते आणि आंबा मागून येतो. बारा दिवस मी तिला हे समजावत होते आणि बारा दिवस तिला तो आंब्यावर अन्याय वाटत होता.

शिवकांता माझी धाकटी जाऊ. निलंग्याच्या कडेला एका संस्थेची शाळा आहे, तिथं ती सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. म्हणजे वेळापत्रकावर ती शिकवते, निकालपत्रकावर सही तिची असते, आणि शिक्षकदिनाला गुलाबाचं फूलही तिलाच मिळतं. मी तिची थोरली जाऊ, तारामती. नववी पास, दहावीला इंग्रजीतच नापास. मी तिच्याबरोबर तक्ते उचलायला जाते. अकरा वर्षं झाली. एवढे तक्ते कुठल्या शाळेत असतात, हे आजवर कुणी विचारलं नाही.

सुरुवात अशी झाली. अप्पांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, शाळेला मैदानासाठी रस्त्याकडेचा तुकडा दिला. पुढच्या जूनमध्ये संस्थेनं अप्पांच्या धाकट्या सुनेला नोकरी दिली. कुणी कुणाला काही दिलं-घेतलं असं म्हणायचं नाही; दोन्ही बाजूंनी शाल-नारळ झाले. शिवकांता शिकलेली होती, मराठी घेऊन बी.ए., वर बी.एड. पण जागा होती इंग्रजीची. इंग्रजी काय, पुस्तकात बघून सांगायचं, असं अप्पा म्हणाले. तिसऱ्या दिवशी आठवीतल्या एका पोरानं विचारलं, की मॅडम, प्रश्नात हे 'डू' कुठून आलं, ते तर आधी नव्हतं. शिवकांता म्हणाली, असतंय तसं. वर्ग हसला. घरी येऊन ती लुगड्यांच्या घड्या घातलेल्या खोलीत बसली आणि दोन दिवस तापली. तेव्हा अप्पा मला म्हणाले, "तारा, तू जा हिच्यासंगं चार दिवस. तक्ते-बिक्ते धर."

ते चार दिवस अजून चालू आहेत.

मला इंग्रजी कसं येतं, हे मलाही नीट सांगता येणार नाही. माझी लेक तनुजा पाचवीत होती तेव्हापासून ती मोठ्यानं वाचायची आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. ती पेंगली की पुढचं मी वाचून ठेवायची, म्हणजे तिला सकाळी सांगता यावं. पुढं कुकरसोबत आलेलं पुस्तक वाचलं, बियाणाच्या पिशवीची मागची बाजू वाचली, मालकांच्या बीपीच्या गोळ्यांतला घडीघडीचा कागद वाचला. मला व्याकरणाची नावं येत नव्हती. कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, तेवढं दिसायचं. आमच्या घरातल्या लग्नांत फोटोला माणसं उभी करायचं काम माझ्याकडेच असतं. नवरदेवाच्या उजवीकडं कोण, मामा कुठं, रुसलेली आत्या कुणाच्या मागं. इंग्रजी वाक्य मला तसंच दिसलं. नुसती रांग, ज्याची त्याची जागा ठरलेली.

म्हणून मी पोरांनाच उभं केलं. करणारा पहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून काम दुसरं. कशावर किंवा कुणाला, ते तिसरं. कुठं आणि कधी, हे पाहुणे, ते शेवटी भिंतीकडं. करणारा एकटाच असेल, मी नाही, तू नाही, तिसराच कुणीतरी, तर कामाच्या खांद्यावर एक लाल रुमाल टाकायचा. तो रुमाल म्हणजे शेवटचा 'स'. आणि प्रश्न विचारायचा झाला की 'डझ' व्हरांड्यातून पळत यायचं, कामाच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घ्यायचं आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन उभं राहायचं. रुमाल गेला की काम पुन्हा साधं, ईट्सचं ईट. 'डझ' व्हायला भांडणं व्हायची. गाद्या भरणाऱ्या निजामोद्दीनभाईंची जेबा सातवीत आहे, ती 'डझ' झाली की रुमाल असा हिसकायची की काम अर्धं फिरायचं. भागवतला मात्र मी 'इज' केलं की तो कुरकुरायचा, मावशी, ह्याला तर कायच काम न्हाई. मी म्हणायची, तू हलून बघ, मग सांग.

पोरं मला मावशी म्हणतात. शिवकांताला मॅडम.

आता एक अडचण होती. मी फळ्याजवळ उभी राहू शकत नव्हते. कुणी साहेब आले, संस्थेचं कुणी आलं, तर फळ्याजवळ शिवकांता दिसायला हवी. म्हणून ती पुढं टेबलाशी बसायची आणि मी वर्गाच्या मागच्या दाराशी उभी राहायची. टेबलाशी बसून ती रिकामी नसायची, हेही सांगायला हवं. शाळेभराच्या ऑनलाइन माहित्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, खिचडीचा हिशोब, पोरांचे आधार नंबर, सगळं तीच भरायची आणि त्यात तिची एक चूक कुणी काढून दाखवावी. पण शिकवणं मागून व्हायचं. सातवी-आठवी सतरंज्यांवर बसते. त्यामुळे इंग्रजीच्या तासाची घंटा झाली, की पोरं उठायची, फिरायची आणि फळ्याकडं पाठ करून बसायची. बाहेर गाडीचा आवाज आला की पुन्हा फिरायची. मी व्हरांड्यात जायची, शिवकांता खडू घेऊन उठायची. हे पोरांना कुणी शिकवलं नाही. सहावीतलं पोर सातवीतल्याचं बघून शिकतं.

घरात ह्या सगळ्याला एक शब्द होता. मदत. तारा शिवकांताला मदत करते. पाहुण्यांत कुणी खोदून विचारलं तर हातभार लावते. मालक एसटी डेपोत मेकॅनिक, मितभाषी माणूस. ते म्हणायचे घरचंच आहे. मलाही शब्द बरा वाटायचा. मदत म्हटलं की तासभर जरी पोरांपुढं उभं राहायला मिळालं, तरी कुणाचं काही घेतल्यासारखं वाटत नाही.

ह्या वर्षी मात्र मुख्याध्यापक शेषेराव सरांनी आमची ती रांग जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेला पाठवली. अर्ज त्यांनीच लिहिला, नाव शिवकांताचं. आणि संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की ज्याचा उपक्रम जिल्ह्यात नंबरात येईल त्याला लातूरच्या शाखेत घेऊ. लातूरला इंग्रजीची जागा रिकामी होती.

लातूर म्हटल्यावर आमच्या घरातलं वारंच फिरलं. शिवकांताचा सत्यम दहावीला. अकरावी-बारावीला पोरगं लातूरला ठेवायचं, हे तो तिसरीत असल्यापासून ठरलेलं. आता आईच लातूरला गेली तर होस्टेल नको, खानावळ नको. माझा दीर अमरेश तर क्लासच्या जवळ खोल्या कुठं मिळतात ते फोनवर बघायला लागला.

शिवकांता लातूरला गेली तर तिच्या जागी दुसरं कुणीतरी येणार. जे येईल, त्याला तक्ते उचलायला थोरली जाऊ लागणार नाही. मग मी कुठल्या नात्यानं शाळेच्या फाटकातून आत जाणार? हा प्रश्न साधा होता. घरात माझ्यासकट पाच मोठी माणसं होती, पाचांनाही तो पडला असणार, आणि पाचांनीही तो ताटाखाली झाकल्यासारखा झाकून ठेवला. मला फक्त सांगण्यात आलं, की कमिटी पाठ बघायला येणार आहे, शिवकांताची तेवढी तयारी करून घे.

म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर शिकवणी सुरू झाली. माणसं कमी पडायची, म्हणून घरचीच उभी केली. अप्पांना मी करणारा केलं. ते म्हणाले हे बरोबर आहे. अमरेश काम झाला. सत्यमला आंबा केलं, तो मोबाइलमध्ये बघत आंबा म्हणून उभा राहायचा. शिवकांतानं रांग लावायची. ती हमखास अमरेशला सगळ्यांच्या शेवटी नेऊन उभं करायची आणि मग जीभ चावायची. अप्पा म्हणायचे, अगं, मला सोडून नवऱ्याला लांब कशाला न्यायलीस. सगळे हसायचे. मीही. हसता हसता माझ्या मनात यायचं, की आपण हिला आपलीच जागा पुसायला फडकं पिळून देतोय. पण तिला एकदा जमलं, आपोआप, न चुकता, आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, सहावीतली पोरगी पाहते तसं. मी मान हलवली. काय करणार, रांग बरोबर लागली की माझी मान हलते.

शाळेत तालीम झाली ती मैदानावर. शेषेराव सरांनी लिंबाखाली मांडव घालायचं ठरवलं होतं. पाहुण्यांना खुर्च्या, सतरंज्या, स्पीकर. मैदानाला पुढं नाही आणि मागं नाही. पोरं शिवकांताकडं तोंड करून बसली, रांग झाली, रुमाल हिसकला गेला, सगळं छान.

स्पर्धेच्या कमिटीतल्या मॅडम लातूरहून अर्धा तास आधीच आल्या. काळीसावळी, चष्मा, बोलणं लातूरच्याही पलीकडचं, पुण्यात शिकलेलं. मांडव बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला सोहळा नको, म्हणाल्या, रोज वर्गात जसं होतं तसं दाखवा. मी बसेन एका बाजूला. शेषेराव सर हव की मॅडम, हव की मॅडम करत पळाले. शिपायानं स्पीकर उचलला. पोरांना वर्गात हाकललं. मॅडमची खुर्ची फळ्याशेजारी, टेबलाच्या बाजूला ठेवली.

मी तक्ते घेऊन मागच्या दारानं वर्गात गेले आणि मला दिसलं काय होणार ते.

सातवीची चाळीस पोरं फळ्याकडं तोंड करून शहाण्यासारखी बसली होती. आजवर साहेब आले ते मधेच आले. गाडीचा आवाज आला की पोरं फिरून सरळ व्हायची. आज साहेब आधी येऊन बसणार आणि घंटा नंतर होणार होती. इंग्रजीची घंटा झाली की ही पोरं काय करतात, ते मला माहीत होतं. शिवकांताच्या लक्षात नव्हतं, ती ऑफिसात पदराला पिना लावत होती. सरांच्या लक्षात नव्हतं, ते चहाच्या मागं होते. दहा मिनिटं होती. जेबा तर माझ्या पायाशीच बसली होती. तिला वाकून सांगायचं होतं फक्त, आज फिरू नका. तिनं चाळीसांना सांगितलं असतं.

मी तक्ते खिळ्याला अडकवले. लाल रुमालाची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. खोटं कशाला सांगू, मला आशा वाटली. पोरं फिरतील आणि मग कुणालातरी काहीतरी म्हणावंच लागेल, अशी. ते मी स्वतः म्हणावं असं काही माझ्या मनात आलं नाही.

मॅडम येऊन बसल्या. पोरांनी उठून गुड मॉर्निंग म्हटलं. शिवकांतानं खडू हातात घेतला. घंटा झाली.

चाळीस पोरं उठली, फिरली आणि मॅडमकडं, फळ्याकडं आणि शिवकांताकडं पाठ करून बसली. चाळीस तोंडं माझ्याकडं. भागवतनं तर फिरताना दप्तरही नीट उचलून इकडून तिकडं ठेवलं.

शिवकांताचा हात फळ्यापर्यंत गेला होता, तिथंच राहिला.

"मुलं तिकडे तोंड करून का बसली?" मॅडमनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

जेबा उठून उभी राहिली. उत्तर येत असलं की तिला बसवत नाही. "मॅडम, इंग्लिशला आमी…"

"हाच तर उपक्रम हाय, मॅडम." शेषेराव सर दारातून आत आले, हातात चहाचा ट्रे. ट्रे तसाच धरून ते बोलत राहिले. म्हणाले, ग्रामीण पोरांना फळ्याची भीती असते मॅडम. फळा म्हटलं की चुकायचं भ्या. म्हणून आम्ही इंग्रजी फळामुक्त केलं. पोरं फळ्याकडं पाठ करतात, शिक्षक पोरांमधून चालत जाऊन मागं उभा राहतो, म्हणजे पुढचा बाक, मागचा बाक हा भेदच राहत नाही. शिवकांता मॅडमचीच कल्पना.

मी अकरा वर्षं त्या दाराशी का उभी राहते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा एवढ्या चांगल्या भाषेत ऐकायला मिळालं.

"फळामुक्त," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

मग शिवकांताला पोरांमधून चालत मागं यावं लागलं. ती माझ्याजवळ आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरका अक्का." मी सरकले. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा माझ्या जागेवर उभी राहिली आणि मी व्हरांड्यात, खिडकीच्या गजांपलीकडं.

पाठ चांगला झाला. तिनं रांग लावली, अमरेशला शेवटी नेलं नाही, म्हणजे कामाला. जेबा 'डझ' होऊन माझ्या शेजारून पळत आत गेली आणि रुमाल हिसकला. मॅडम हसल्या. फक्त एकच व्हायचं. प्रत्येक वाक्य पूर्ण झालं की पोरांचे डोळे शिवकांतावरून सरकून खिडकीकडं यायचे. मी ठरवलं होतं, मान हलवायची नाही. साद नावाचा एक पोरगा आहे, वर्षभर न बोलणारा. त्यानं एकट्यानं रांग लावली, बरोबर, 'वेअर'सकट. त्यानं खिडकीकडं पाहिलं. मी मान हलवली.

मॅडमनी सादकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

जाताना त्या व्हरांड्यात थांबल्या. सर मागं दोन पावलांवर.

"तुम्ही?"

"तक्ते आनते मी."

"शिक्षण?"

"नववी."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. चष्म्याआडून ते डोळे अगदी समजूतदार होते. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग त्यांनी फाइल मिटली, पेन पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "पाणी मिळेल का?"

मी पाणी आणून दिलं.

घरी येताना शिवकांता भरभर पुढं चालत होती. देवळाच्या वळणावर म्हणाली, "तुमाला ठावं हुतं न्हव का, पोरं फिरतेत म्हनून?" मी तिला विचारलं, संध्याकाळला भाजी काय करायची. ती म्हणाली, करा कायबी.

दुसऱ्या दिवशी जेबानं विचारलं, मावशी, तुम्ही खिडकीत का उभ्या होता. मी म्हटलं, आत उकडत होतं. तिनं पंख्याकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. बारा वर्षांच्या पोरीलाही कुठं थांबायचं ते कळतं.

त्यानंतर माझं दारही गेलं. शेषेराव सरांनी वर्गाच्या कमानीवर 'फळामुक्त इंग्रजी' असं रंगवून घेतलं. निकाल लागायच्या आधीच आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक बघायला येऊ लागले, औशाहून, देवणीहून, कधी न सांगता. त्यामुळे शिवकांताला रोज मागच्या दाराशी उभं राहावं लागायचं. मी खिडकीतून शिकवायची. गजांतून हात घालून सांगायची, तू इकडं, तू तिकडं. मधे शिवकांता उभी, माझा प्रत्येक शब्द तिच्या कानाला घासून पुढं जायचा. पहिले दोन दिवस तिनं पुढं बघितलं. तिसऱ्या दिवसापासून ती खाली मान घालून उभी राहू लागली, रांगेत न घेतलेल्या पोरासारखी.

एप्रिलमध्ये निकाल आला. जिल्ह्यात पहिला.

अप्पांनी सांगितलं हुग्गी कर. मी गहू आदल्या रात्रीच भिजत घातले होते, गूळ चिरला, दुपारभर ढवळत बसले. संध्याकाळी पंगत बसली. अप्पा, अमरेश, मालक, सत्यम. अप्पांनी शिवकांतालाही पंगतीत बसवलं, आज तू वाढायचं नाहीस म्हणाले. मी वाढत होते.

बोलणं लातूरचंच होतं. अमरेशनं खोल्या बघून ठेवल्या होत्या, क्लासपासून चालत पाच मिनिटं. शेषेराव सरांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी अभिनंदन केलं, आणि सांगितलं, की जूनपासून इथं उदगीरकडचा कुणी पोरगा इंग्रजीला येणार आहे, संस्थेच्याच एका सदस्याचा भाचा. तेवढे तक्ते आणि तो रुमाल शिवकांता मॅडमबरोबर लातूरला पाठवून द्या, तिथं लागतील. हे अमरेशनं जेवता जेवता सांगितलं. मी हुग्गीवर तूप सोडत होते. धार थोडी जास्त पडली, सत्यमच्या ताटात.

अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "तारा, तूबी सुटलीस बग आता. गुडघे दुखतेत म्हनायलीस. किती दिवस मदत करायची मानसानं. आराम कर."

मालक मान खाली घालून म्हणाले, हव, आराम पडंल.

मी म्हटलं, हव. दुसरं काय म्हणणार. अमरेश म्हणाला, वहिनीनं लई हातभार लावला, खोटं कशाला बोला. सत्यमनं आणखी हुग्गी मागितली. सगळे चांगलंच बोलत होते. कुणाच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. मी त्याला वाढायला वाकले.

शिवकांताचं ताट तसंच होतं. हुग्गीवर साय धरली होती. तिनं हात न लावता ताट पुढं सरकवलं.

"मदत म्हनू नका, अप्पा," ती म्हणाली.

अमरेशनं तिच्याकडं बघून डोळे मोठे केले. तिला ते दिसलं.

"मी जाईन लातूरला. सत्यमसाठी जावंच लागतंय, मी न्हाई म्हनत न्हाई. येक दिवसबी मागं सरनार न्हाई. पन मदत म्हनू नका." तिचा आवाज चढला नव्हता. माहितीचा फॉर्म भरताना ती सत्यमला रकाने वाचून दाखवते, त्या आवाजात ती बोलत होती. "पोरं फळ्याला भिऊन न्हाई फिरली. अक्काकडं फिरली. शाळंत इंग्रजी अक्का शिकवतेत. अकरा वर्षं त्याच शिकवायलेत, हे सरांला ठावं हाय, त्या लातूरच्या मॅडमला ठावं हाय, आन् ह्या पंगतीत बसलेल्या सगळ्यांला ठावं हाय. ते अक्काचं हाय. आन् आपन ते चोरलंय."